बारीक नळ

टिक् टिक् टिक्, भप्प.
गॅलरीतल्या पत्र्याच्या खिडकीत निळी रांग उभी राहते
आणि मी मामंजींना स्टुलावर बसवते.
बादली नाही, तांब्या सरळ नळाखाली.
पहिले दोन कढत. तिसरा बरा.
चौथ्याला पाणी अचानक परक्यासारखं वागतं,
त्यांच्या पाठीवर काटा येतो
आणि मला कळतं, बाहेर गिझर पुन्हा गप झालाय.

रोज नाही, हे त्यातलं वाईट.
सोमवारी विझला, मंगळवारी नाही,
बुधवारी दोनदा.
रविवारी यांनी वडिलांना आंघोळ घातली
तर शेवटच्या थेंबापर्यंत वाफ.
"तुलाच छळतो तो," म्हणाले, आणि पेपर उघडला.

सेल बदलले, जाडे, दोन, लक्ष्मीपुरीतून आणून.
रेग्युलेटर बदलला.
थंडीत गॅस जड होतो म्हणे,
म्हणून सिलिंडरला जुनं घोंगडं गुंडाळलं.
शेजारच्या सरोळकर काकू बघून हसल्या,
"बाळंतीण हाय का काय ती?"

उद्यमनगरातून दस्तगीर मिस्त्री तीनदा आला.
तो आला की गिझर शहाण्यासारखा पेटायचा,
डॉक्टरपुढे पोरगं खोकत नाही तसा.
त्यानं जाळी काढली. तळहातावर
चिमूटभर वाळू, टाकीतला एक गंजाचा पोपडा.
रबरी पडदा उजेडात धरून पाहिला,
ज्योत ओळखणारी काडी पॉलिश पेपरनं घासली.
"वैनी, ह्याला कायबी झाल्यालं न्हाई.
उद्या आंघोळीच्या टायमालाच येतो,
भाईर बसतो. तुम्ही तुमचं चालू ठेवा."

तो बसला, भिंतीला कान लावून.
आत मी, साबण, मामंजींची उघडी पाठ,
दार अर्धं लोटलेलं.
एके काळच्या ऑइल इंजिन फिटरचा डावा हात
हवेत वर आला.
उजवा दीड वर्षापासून मांडीवर निजलाय,
शब्द त्याच्याशेजारी.
अंगठा आणि दोन बोटं फिरली, नेहमीसारखी.
चटका बसतोय, समजले मी, नेहमीसारखी,
आणि नळ बारीक केला.

"वैनी! नळ कुणी बारीक केला?"

पाण्याला जोर नसला की पडदा ढकलला जात नाही,
पडदा हलला नाही की गॅसची वाट बंद.
एवढंच होतं.
बिघाड माझ्या मनगटात.

मी आटपाडीची. आमच्या दारात नळ नव्हताच,
टँकर होता, आणि आई
कळशीची धार बोटांनी अडवत ओतायची.
पंचगंगेच्या गावात बावीस वर्षं नांदले,
हात अजून माहेरीच राहतो.

पण बोटांचं काय?
दस्तगीर दाराआडून म्हणाला,
"मामा सोडा म्हणायल्यात की!"
मी त्यांच्यासमोर बसते.
त्यांचं डावं ते माझं उजवं.
उघड म्हणून त्यांनी फिरवलेली बोटं
माझ्यापर्यंत येता येता बंद होत होती,
डिसेंबरपासून.
गार तांबे किती झाले, मोजले नाहीत.

चावी पूर्ण सोडली, गॅसचा खटका खाली आणला.
भप्प.
मामंजी डोळे मिटून पाणी घेत राहिले.
ओठाचा चालता कोपरा थोडा वर गेला.
ते हसू होतं की ओठच तसा राहिला,
सांगता येणार नाही.

दस्तगीरनं चहा घेतला, पैसे नाही.
"बिघाडच नव्हता तर कशाचं पैसं?"
जाताना सिलिंडरवरचं घोंगडं काढून
घडी घालून कठड्यावर ठेवलं.

आज मी स्टुलाशेजारी बसले,
दोघांची तोंडं नळाकडे.
तरी तिसऱ्या तांब्याला
हात चावीकडे गेलाच.